फोनवर नेट चालतं, मग जुन्या कॉम्प्युटरवर का नाही?

प्रश्न : आमच्या घरी नुकतीच फायबरची लाइन आली. मुलाच्या आणि सुनेच्या फोनवर नेट छान चालतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र रोज नवं काहीतरी निघतं. कधी 'एरर ६५१' येतो. कधी जोडलं गेल्याचं दिसतं, पण पान उघडत नाही. कधी 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी येते. कॉम्प्युटर २०१० साली घेतलेला, विंडोज ७ वर चालणारा आहे. त्यावर आधी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं, नंतर काही वर्षं केबलवाल्याचं नेट होतं. लाइन लावायला आलेला मुलगा म्हणाला, "काका, आमच्या बाजूने सगळं ओके आहे. मशीन जुनं झालंय, बदलून टाका." दुरुस्तीला न्यायचं तर सीपीयू उचलून फेरीबोटीने मार्वे गाठायचं आणि तिथून रिक्षाने मालाड. आमची पत्रं, हिशेब, फोटो सगळं त्यात आहे. खरंच टाकून द्यावा लागेल का?
एक वाचक, मनोरी

उत्तर : नाही. टाकूही नका आणि इतक्यात बोटीतूनही नेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत निदान तीन वेगवेगळी कारणं दिसतात. ती तिन्ही घरी बसून दूर करता येतील, आणि खर्च झालाच तर एका छोट्या सेलचा होईल.

लाइन लावणारा मुलगा खोटं बोलला नाही. त्याचं काम डब्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत. तिथे नेट पोचलं की त्याच्या लेखी जोडणी पुरी झाली. डब्यापासून पुढे कॉम्प्युटरच्या आत काय आहे, हे पाहायला त्याच्याकडे वेळ नसतो. ते काम आपलं.

आधी बिघाड कुठे नाही हे ठरवा. ज्या फोनवर नेट 'छान चालतं' त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि फक्त वाय-फाय चालू ठेवून एखादं पान उघडा. ही पायरी सोडू नका, कारण वाय-फायवर नेट नसलं की बरेचसे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं, लाइन सुरू आहे. डेटा बंद असतानाही पान उघडलं, तर लाइन आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. नाही उघडलं, तर डब्यावरचे दिवे पाहा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर फायबरमधून प्रकाश येतच नाही. मग कॉम्प्युटरला हात लावू नका, कंपनीला फोन करा.

फोनवर पान उघडलं, म्हणजे दोष डबा आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. इथे एक गोष्ट समजून घ्या. फोन नवा आहे. तो डब्याला विचारतो, 'मला कोणता पत्ता?' आणि मिळेल तो निमूटपणे घेतो. तुमच्या कॉम्प्युटरवर आजवर दोन-तीन जोडण्या येऊन गेल्या, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन त्यात काही ना काही भरून गेलं. घर बदललं तरी रेशनकार्डावर जुनाच पत्ता राहावा, तशी ती भरलेली माहिती अजून तिथेच आहे. जुन्या कॉम्प्युटरवर नेट न चालण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. म्हणजे यंत्र म्हातारं झालेलं नसतं, त्याच्या सेटिंग जुन्या असतात.

काम सुरू करण्याआधी दोन नियम. प्रत्येक खिडकीत आत्ता काय भरलेलं आहे, त्याचा फोनने फोटो काढून ठेवा. आणि एका वेळी एकच बदल करा, मग तपासा. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर कशाने चाललं आणि कशाने बिघडलं हे कळत नाही.

तपासणीपुरती राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर लावा, वाय-फाय नंतर पाहू. वायर खोबणीत बसताना 'टक्' आवाज आला पाहिजे, आणि कॉम्प्युटरच्या मागे त्या खोबणीजवळचा छोटा दिवा लागला पाहिजे. तो लागला नाही, तर वायर किंवा खोबणी यांचाच प्रश्न आहे आणि सेटिंग बदलून उपयोग नाही.

प्रश्न : 'एरर ६५१' म्हणजे नक्की काय?

उत्तर : हा तुमच्या जुन्या टेलिफोन-ब्रॉडबँडचा मागे राहिलेला भाग आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं. तेव्हा टेलिफोनवरून नंबर फिरवून जोडणी घ्यावी लागे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड मानलं, आणि २००५ मध्ये मुंबईत महानगर टेलिफोन निगमने घरोघरी आधीच पोचलेल्या तांब्याच्या तारेवरूनच ही सेवा द्यायला सुरुवात केली. तो वेग आज हास्यास्पद वाटेल, कारण २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात. पण नंबर न फिरवता आणि फोन अडवून न ठेवता नेट मिळू लागलं, ही त्या काळी फार मोठी सोय होती.

त्या वेळी पुष्कळ घरांत मोडेम फक्त सिग्नलचं रूपांतर करत असे. यूजरनेम आणि पासवर्ड देऊन दार उघडायचं काम कॉम्प्युटरकडे असे. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. ती १९९९ मध्ये ठरली आणि आजही अनेक कंपन्या वापरतात. फरक एवढाच, की आता ते यूजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेले असतात आणि दार राउटर उघडतो. तुमच्या घरात एकाच वेळी दोन-दोन फोनांवर नेट चालतं, याचा अर्थ तुमचा राउटर हे काम करतो आहे.

कॉम्प्युटरला मात्र ही बातमी कोणी दिलेली नाही. त्यात 'ब्रॉडबँड कनेक्शन' नावाची जुनी जोडणी अजून आहे. ती दर वेळी जुन्या पद्धतीने दार ठोठावते, पलीकडून कोणी ओ देत नाही, आणि विंडोज ७ 'एरर ६५१' दाखवतं. विंडोज एक्सपीवर याच जागी 'एरर ६७८' येत असे. 'एरर ६९१' याहून वेगळा. त्यात पलीकडून उत्तर मिळतं, पण यूजरनेम किंवा पासवर्ड नाकारला जातो.

उपाय असा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजीत एन, सी, पी, ए ही अक्षरं, मग टिंब, मग सी, पी, एल ही अक्षरं मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. सगळ्या जोडण्यांची चित्रं दिसतील. 'ब्रॉडबँड कनेक्शन'वर माउसचं उजवं बटण दाबून 'कॅन्सल ॲज डिफॉल्ट कनेक्शन' निवडा. लगेच पुसू नका. सगळं आठ दिवस नीट चाललं की मग पुसा.

आता पुन्हा तीच चौकट उघडून इंग्रजीत आय, एन, ई, टी, सी, पी, एल, मग टिंब, मग सी, पी, एल टाइप करा. 'कनेक्शन्स' या भागात 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडा. यानंतर एरर ६५१ येणार नाही.

प्रश्न : जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही. असं कसं?

उत्तर : 'जोडलेलं' याचा अर्थ वायर किंवा वाय-फाय डब्यापर्यंत पोचलं, इतकाच. त्यापुढे तीन गोष्टी बरोबर असाव्या लागतात : कॉम्प्युटरचा पत्ता, डब्याचा पत्ता आणि नावावरून आकडा शोधून देणारी सेवा.

तपासायला काळी खिडकी उघडा. विंडोज आणि आर दाबून सी, एम, डी टाइप केलं की ती येते. तिच्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाइप करा : आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीसमोर चार आकडे दिसतील. त्यांच्याकडे नीट पाहा.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल आणि 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीत १९२.१६८.१.१ किंवा तसाच आकडा असेल, तर कॉम्प्युटरला बहुधा योग्य पत्ता मिळाला आहे. खात्रीसाठी फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये गेटवेचा आकडा कोणता आहे ते पाहा. दोन्हीकडे तोच हवा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने पत्ता मागितला, पण त्याला तो मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला. अशा वेळी राउटर बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की कॉम्प्युटर पुन्हा चालू करा. तरीही १६९.२५४ च दिसला, तर लॅनची वायर बदलून पाहा.

यापेक्षा वेगळाच पत्ता दिसला, उदाहरणार्थ १० ने सुरू होणारा, आणि फोनमध्ये मात्र १९२.१६८ आहे, तर हा केबलवाल्याच्या काळातला हाताने भरलेला पत्ता समजा. स्थानिक केबलवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ठरलेला आकडा देत आणि तो कॉम्प्युटरमध्ये टाइप करून जात. त्यांच्या जाळ्यात तो बरोबर होता. तुमच्या नव्या राउटरला त्याची ओळखच नाही.

तो काढायला जोडण्यांच्या चित्रांवर परत या. 'लोकल एरिया कनेक्शन'वर उजवं बटण, मग 'प्रॉपर्टीज'. यादीतल्या 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' या ओळीवर दोनदा क्लिक करा. वरच्या अर्ध्या भागात 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' निवडा. खालच्या अर्ध्या भागातही 'ऑटोमॅटिकली'च निवडा. खालचा भाग लोक विसरतात, आणि मग पत्ता नवा पण बाकीचं जुनंच अशी अर्धवट अवस्था होते. वाय-फायच्या चित्रावरही हेच करा, कारण प्रत्येक जोडणीच्या सेटिंग वेगळ्या साठवलेल्या असतात.

खालचा भाग डीएनएसचा. आपण नाव टाइप करतो, पण नेटवरचा सगळा प्रवास आकड्यांवर चालतो. नावाचा आकडा शोधून देण्याचं काम डीएनएस करतं. जुन्या कंपनीच्या डीएनएसचा आकडा भरलेला असेल आणि ती सेवा बंद झालेली किंवा बाहेरच्या गिऱ्हाइकांना उत्तर न देणारी असेल, तर लाइन ठणठणीत असूनही एकही पान उघडत नाही.

ही शंका एका मिनिटात फिटते. काळ्या खिडकीत इंग्रजीत पी, आय, एन, जी टाइप करा, एक जागा सोडा आणि इंग्रजी अंकांत ८.८.८.८ लिहा. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता आहे, २००९ पासून सर्वांना खुला आहे. उत्तरं येऊ लागली, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर बाहेरच्या जगापर्यंत पोचतो आहे. मग याच पद्धतीने एखाद्या संकेतस्थळाचं नाव लिहून पाहा. आकड्याला उत्तर येतं आणि नाव मात्र सापडतच नाही असं दिसलं, तर दोष डीएनएसचा. 'ऑटोमॅटिकली' करूनही तो गेला नाही, तर खालच्या भागात हाताने ८.८.८.८ आणि त्याखाली १.१.१.१ भरा. दुसरा आकडा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा आहे, २०१८ पासून सुरू आहे.

गेटवेच्या आकड्यालाही उत्तर येत नसेल, तर दोष कॉम्प्युटर आणि डबा यांच्या मधला. गेटवे उत्तर देतो, पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष डब्याच्या पलीकडचा. कंपनीला फोन करताना हे एवढं सांगितलंत, तर समोरचा माणूसही लगेच मुद्द्यावर येतो.

आकडा आणि नाव दोन्हीला उत्तर येतं, पण ब्राउजर हटून बसतो, असंही होतं. तेव्हा 'प्रॉक्सी' तपासा. मघाच्या 'कनेक्शन्स'च्या भागात 'लॅन सेटिंग्ज' नावाचं बटण आहे. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर'समोर खूण असेल, तर ती काढा. केबलवाल्याच्या किंवा ऑफिसच्या जाळ्यासाठी ती कधीतरी लावलेली असते. काही घातक प्रोग्रॅमही ती गुपचूप लावतात. म्हणून खूण पुन्हापुन्हा परत येत असेल, तर ॲंटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

काही पानं उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, असं दिसलं तर आणखी एक कारण असू शकतं. एका वेळी पाठवायच्या तुकड्याचा नेहमीचा मोठ्यात मोठा आकार १५०० बाइट असतो. पीपीपीओईला त्यातले ८ बाइट स्वतःला लागतात, म्हणून तिथे तो १४९२ धरावा लागतो. हा आकडा राउटरमध्ये 'एमटीयू' या नावाखाली असतो. तो स्वतः बदलण्यापेक्षा कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' ही पाटी पाहून भीती वाटते. कोणी माझा कॉम्प्युटर हॅक केला का?

उत्तर : आधी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. २०१० सालच्या मशीनवर ती २००९ किंवा २०१० ची असण्याची शक्यता मोठी आहे.

आजकाल बहुतेक संकेतस्थळं आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र दाखवतात. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि ही मुदत वर्षभराहून फारशी जास्त नसते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २०१० साल असेल, तर आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला भविष्यातली वाटतात, आणि तो ती नाकारतो. लाइन, पत्ता, डीएनएस सगळं बरोबर असूनही बँक, मेल, बातम्या सगळीकडे तीच पाटी येते.

तारीख मागे जाते ती मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे. त्याचं नाव सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. कॉम्प्युटरच्या मागच्या वायरला वीज मिळत असते तोवर आतलं घड्याळ विजेवर चालतं. भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा वीज गेली, की भार या सेलवर येतो. काम संपलं की भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याकडे बहुतेक घरांची सवय आहे. ती चांगलीच आहे, पण त्यामुळे सेल लवकर संपतो.

आज तारीख, वर्ष आणि वेळ हाताने दुरुस्त करा. शेजारी टाइम झोन भारताचा आहे ना, हेही पाहा. फरक इतक्या वर्षांचा असताना विंडोज आपोआप वेळ जुळवत नाही, म्हणून हातानेच करावं लागतं. नंतर सेल बदला : वायर काढून ठेवा, झाकण उघडा, जुना सेल कोणत्या बाजूने बसवला आहे त्याचा फोटो काढा आणि नवा तसाच बसवा.

तारीख बरोबर असूनही पाटी आली, तर दोष ब्राउजरच्या वयाचा आहे. संकेतस्थळ आणि ब्राउजर यांच्यातलं संभाषण गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्या २०२० पासून मोठ्या ब्राउजरनी बंद केल्या. संकेतस्थळांनीही त्या सोडून दिल्या. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररवर यामुळे कित्येक पानं उघडतच नाहीत. शिवाय ज्या मूळ प्रमाणपत्रांच्या भरवशावर बाकीची तपासली जातात, त्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंच एक फार वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि जगभर जुन्या फोन-कॉम्प्युटरवर एका दिवसात असंख्य पानं अडली.

विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या जानेवारीतली. फायरफॉक्सची ११५ ही आवृत्ती त्यानंतरची आहे, आणि फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रांची यादी विंडोजकडून न घेता स्वतःजवळ ठेवतो. म्हणून जुन्या मशीनवर तो जास्त टिकतो. तो फक्त त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. कॉम्प्युटरवर उतरवता आला नाही, तर फोनवर उतरवून वायरने फाइल हलवा.

प्रश्न : सगळं झाल्यावर वायर काढली, तर कॉम्प्युटरला आमच्या वाय-फायचं नावच दिसेना. शेजाऱ्यांची नावं मात्र दिसतात.

उत्तर : नवे राउटर दोन लहरींवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २०१० च्या आसपासच्या बहुतेक वाय-फाय कार्डांना फक्त २.४ ऐकू येते. राउटरवर २.४ बंद असेल, तर तुमचं नाव त्या कार्डापर्यंत पोचणारच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करून घ्या आणि दोन्ही लहरींना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे कोणाला कुठे जोडायचं ते आपल्या हातात राहतं. २.४ ची लहर जाड भिंतींतूनही दूरवर जाते. मनोरी-गोराईच्या जुन्या घरांना तिचाच जास्त उपयोग आहे.

नाव दिसतं, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही, असं झालं तर सुरक्षेचा प्रकार पाहा. २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए३ जुन्या कार्डांना कळत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए२, किंवा दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडा. त्याहून जुना डब्ल्यूईपी मात्र कधीही निवडू नका. तो सहज फोडता येतो.

कॉम्प्युटर जागचा हलत नसेल, तर सर्वांत खात्रीचा मार्ग लॅनच्या वायरचाच आहे. जुन्या मशीनची खोबणी १०० एमबीपीएसची असेल, तर प्लॅन ३०० चा घेतला तरी त्या कॉम्प्युटरवर १०० पेक्षा जास्त मिळणार नाही. आणि १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. डाउनलोडच्या खिडकीत १२ च्या आसपास आकडा दिसला, तर कोणी तुम्हाला फसवलेलं नाही.

प्रश्न : आमच्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खाऱ्या हवेने नेट बिघडतं का?

उत्तर : फायबर बिघडत नाही, कारण ती काचेची तार आहे आणि तिच्यातून प्रकाश जातो. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलपैकी बऱ्याचशा याच किनाऱ्यावर, तुमच्या दक्षिणेला वर्सोव्याला वर येतात. त्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यातच पडून असतात. फायबरला भीती असते ती वाकण्याची आणि ओढली जाण्याची. दाराच्या फटीत चेपलेली किंवा खिळ्याला करकचून बांधलेली वायर प्रकाश अडवते.

खारी हवा त्रास देते ती तांब्याला आणि धातूच्या टोकांना. जुन्या टेलिफोन-ब्रॉडबँडची लाइन पावसाळ्यात खरखरायची, त्यामागे बहुतेकदा गंजलेले सांधे असत. आज घरात तेच लॅनच्या वायरच्या टोकांवर होतं. त्या टोकात आठ बारीक पात्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या चारच पुरतात, पण हजार एमबीपीएसला आठही लागतात. एखादी पाती काळवंडली, तर जोडणी संथ होते किंवा मधूनमधून तुटते. कॉम्प्युटर बंद करून टोक दोन-चार वेळा काढा-घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि तरी जमलं नाही तर नवी वायर लावा. राउटर खिडकीच्या कडेला ठेवू नका. गडगडाट होत असताना वायर काढून ठेवा, कारण विजेच्या धक्क्याने लॅनची खोबणी जळू शकते.

प्रश्न : एवढं करून तो चालू झाला, तर त्यावर सगळे व्यवहार करावेत का?

उत्तर : सगळे नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून, आणि विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून या मशीनवर पत्रं लिहा, हिशेब ठेवा, बातम्या वाचा, गाणी ऐका, नातवंडांचे फोटो पाहा. बँक, पेन्शन, आधार यांचे व्यवहार मात्र अद्ययावत फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर करा. एक्सपीचं मशीन असेल, तर ते नेटला जोडूच नका.

मशीन धडधाकट असेल, तर त्यावर लिनक्स घालता येतं. ते मोफत आहे. हलक्या प्रकारचं लिनक्स कमी मेमरीतही चालतं, त्याला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात आणि त्यात मराठी लिहिता-वाचता येतं. त्याआधी तुमची पत्रं, हिशेब आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. खरं तर हे काम आजच करा. नेट परत आणता येतं, पण हार्ड डिस्क गेली तर चाळीस वर्षांचे फोटो परत येत नाहीत.

आणखी एक सांगायलाच हवं. नेट बंद पडलं की लोक फोनवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतात, आणि तिथे ठगांनी पेरलेले खोटे क्रमांक सापडतात. समोरचा गोड बोलून तुमचा पडदा त्याला दिसेल असं ॲप घालायला लावतो आणि खातं रिकामं करतो. मदत क्रमांक बिलावरचाच घ्या. कोणी पडदा दाखवायला सांगितलं किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

शेवटी मनोरीच्या वाचकांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना एक विनंती. नेट नीट चालू झालं की एका कागदावर राउटरचा पत्ता, वाय-फायचं नाव, डीएनएसचे आकडे, कंपनीचा बिलावरचा क्रमांक आणि सेल बदलल्याची तारीख लिहा आणि तो कागद कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवा. पासवर्ड वेगळ्या वहीत लिहा. शेजारी कोणाचा जुना कॉम्प्युटर असाच अडला असेल, तर तारीख, पत्ता आणि डीएनएस या तीन गोष्टी त्यांना तपासून द्या. त्याआधी कोणालाही मशीन भंगारात टाकू देऊ नका.